थोरलीची पाठ आणि दिगूकाका

वारा साफ पडलेला असतो. नारळाची एक झावळी जागची हलत नाही. आणि अशा वेळी आमच्या कुंपणापलीकडची एकच सुपारी बुंध्यापासून शेंड्यापर्यंत डुलायला लागते. आम्ही वाडीतल्या दोन खोल्या पर्यटकांना देतो, ते बिचारे घाबरतात. मागे पुण्याच्या एक बाई हातातला चहा तसाच टाकून अंगणात धावल्या, "भूकंप, भूकंप!" म्हणत. मी म्हटलं, "बसा हो. भूकंप कसला आलाय, आमचे दिगूकाका पाठ खाजवतायत."

दिगूकाका म्हणजे आमचे शेजारी. चौलला आमची वाडी आणि त्यांची वाडी यांच्यामध्ये मेंदीचं कुंपण आहे, तेही नावापुरतं. रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचवर ते जन्मभर खलाशी होते, आता घरीच असतात. सत्तरी कधीच उलटली, पण अंग काटक आणि आवाज अजून लाँचवरचाच, म्हणजे शेजारी बसून बोलले तरी धक्क्यावर ऐकू जावं असा. अर्धी चड्डी आणि बंडी हा बारमाही पोशाख. दुपारचं जेवण झालं की ते त्या सुपारीला पाठ लावतात, डोळे मिटतात आणि वर-खाली, वर-खाली सुरू करतात. झाडाचा तेवढा भाग इतका गुळगुळीत झालाय की सुपाऱ्या उतरवायला येणारा गडी त्या झाडाला हातच लावत नाही. म्हणतो, पाय सरकून मरायचंय काय मला?

"काका, अहो खाजवायला काहीतरी हातात घ्या ना," मी एकदा म्हटलं.

"हात पोचत न्हाय गो सुमन. माणसाचा हात सगळीकडं पोचतो, एवढी मधली जागा सोडून. देवानं मुद्दाम ठेवलीय ती."

"कशासाठी?"

"ते तू देवाला विचार. मला काय विचारतेस? मी काय त्याच्या लाँचवर होतो?"

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या माणसाला खाज सुटते, त्यात लिहिण्यासारखं काय? तर थांबा. या माणसाचं सगळं डोकंच पाठीवर चालतं. "पाठीचं काय?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. जगातल्या कुठल्याही गोष्टीला ते हाच प्रश्न विचारतात. आम्ही नवा फ्रिज घेतला तेव्हा अख्खी आळी पुढून दार उघडून बघून गेली, काका तेवढे भिंतीच्या आणि फ्रिजच्या मध्ये घुसून बसले. "पुढून झकास हाय. पण पाठीचं काय? इथं धूळ बसणार, ती कोण काढील?" माझ्या भाचीला स्थळ सांगून आलं, बघायचा कार्यक्रम आमच्याकडंच होता, मुलगा दिसायला छान, पगार चांगला, तर हे सगळ्यांसमोर म्हणाले, "सगळं बरोबर हाय, पण आजारी पडली तर हिच्या पाठीला शेक कोण देईल, ते विचारलंत?" मुलाची आई चांगलीच वरमली. मुलगा मात्र लाजत लाजत म्हणाला, "मी देईन." काकांनी तिथल्या तिथं त्याला पेढा भरवला. लग्नाची बोलणी आम्ही नंतर केली.

आणि गणपती! दरवर्षी आळीतले सगळे मिळून पेणला मूर्ती ठरवायला जातात. काकांना नेलं नाही तर रुसतात आणि नेलं तर डोक्याला ताप. कारखान्यात शिरले की ते एकेक मूर्ती उलटी फिरवतात. कितीतरी ठिकाणी मूर्तीची मागची बाजू नुसता पांढरा हात फिरवून सोडून देतात, कोण बघतं मागून? काका बघतात. एकदा मूर्तिकाराला म्हणाले, "मास्तर, देवाचं जानवं पुढून येतं ते पाठीवर कुठं गेलं? मध्येच तुटलं काय?" त्याला पुन्हा ब्रश हातात घ्यायला लावला. तेव्हापासून आमच्या आळीचे सगळे गणपती मागूनही रंगवलेले असतात. मखरात बसले की मागचं कुणालाच दिसत नाही, तरी आपलं बरं वाटतं.

हे पाठीचं वेड लागलं कुठून, तर लाँचमधून. दरवर्षी पावसाळ्यात लाँच किनाऱ्यावर ओढून आडवी करतात आणि खालून खरवडतात. बुडाला शंख-शिंपले चिकटून चिकटून इतका थर साठतो की लाँच जड होते, डिझेल पिते, चाल धरत नाही. "पॅसिंजर वरचा रंग बघतो," काका सांगतात. "पण लाँच चालते ती बुडावर. तिला स्वतःचं बूड खरवडता येत न्हाय. कुणीतरी खाली आडवं पडून खरवडायला लागतं. मी जन्मभर तेच केलं. तिची चाल बघून मला कळायचं, आता हिला खाज सुटलीय."

नोकरी सुटली, लाँच सुटली आणि काका बावींकडे वळले.

बाव म्हणजे विहीर. आमच्याकडे प्रत्येक वाडीत एक बाव असतेच आणि जुन्या बावींत एक कासव असतं. कुणा आजोबा-पणजोबांनी सोडलेलं. पाण्यात पडलेला पालापाचोळा, किडे, मेलेलं काय असेल ते कासव खातं आणि पाणी निर्मळ राहतं, अशी जुनी समजूत. आता कासव धरून आणायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे, पण जी पूर्वीपासून आहेत ती आहेत. आमच्या बावेत आहे ती थोरली. काळी, पाठीवर तीन लांब धारा असलेली. माझ्या सासूबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्यांना सांगितलं गेलं होतं, सासरा नंतर, आधी हिच्या पाया पड.

"कासव बाव साफ करतं, बरोबर," काका म्हणायचे. "पण कासवाला कोण साफ करतं? त्याच्या पाठीचं काय?"

मी हसले होते. मला वाटलं, चाललं यांचं. तर ते मला हाताला धरून आमच्याच बावेवर घेऊन गेले. भर दुपारची वेळ. त्यांनी खिशातून दाढीचा आरसा काढला, उन्हाचा कवडसा धरला आणि बावेत सोडला. बावेच्या आत एक दगडी पायरी आहे, वीतभर पाण्याखाली गेलेली. कवडसा तिथं नेऊन धरला आणि मला म्हणाले, "पालथी पड. आणि तोंड बंद."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, रोज त्या बावेचं पाणी प्याले, पण पालथं पडून आत बघावं असं कधी मनात आलं नव्हतं. मी पडले. थोडा वेळ काहीच नाही. मग थोरली खालून वर आली आणि पायरीवर टेकली. तिनं चारही पाय ताणले. मग मान बाहेर काढली. काढली ती काढतच राहिली. कासवाला एवढी मान असते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. डोळे मिटले आणि स्वस्थ राहिली.

आणि मग मासे आले. बोटाएवढे, शेपटीशी काळा ठिपका असलेले. दहा-बारा तरी असतील. एक तिच्या पाठीवरचं शेवाळ ओरबाडतोय, एक मागच्या पायाच्या बेचक्यात शिरलाय, दोघं मिळून मानेखाली चिकटलेली जळू ओढतायत. जळू सुटली तशी थोरलीनं पाय आणखी लांब केला, म्हणजे आता इथं बघा. एक बारकी कोळंबी, आरपार दिसणारी, तिच्या नाकाशी चढली आणि चिमट्यांनी काहीतरी वेचून वेचून खायला लागली. थोरलीनं पापणी सुद्धा हलवली नाही.

"बघितलंस?" काका हळू आवाजात म्हणाले. त्यांना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. "ती मासे खाते, बरं का. एरवी जवळ आला तर सोडायची न्हाय. पण ह्यांना न्हाय खात. आपल्या न्हाव्याला कोण चावतो?"

"मग हे तिची सेवा करतात?"

"कसली सेवा! त्यांचं पोट भरतं, तिची पाठ निघते. कोण कुणावर उपकार करीत न्हाय, म्हणून तर टिकलंय." मग म्हणाले, "फक्त तिला मान काढायला लागते. मान आत घेऊन बसली तर एक पण जवळ येत न्हाय. मान काढणं म्हणजे 'या' म्हणणं. एवढं तरी म्हणायला पाहिजे का नको?"

खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. आपल्या स्वयंपाकघरापासून दहा पावलांवर हे चाललेलं असावं आणि आपल्याला पत्ता नसावा! त्या दिवसापासून मी काकांना वेडा म्हणणाऱ्यांशी भांडायला लागले.

काकांचा मग तो उद्योगच झाला. गावातल्या ज्या ज्या जुन्या बावेत कासव आहे, तिथं आरसा घेऊन जायचं, पालथं पडायचं आणि बघायचं, कासवाला त्याची मंडळी आहेत का. मंडळी म्हणजे मासे. नसतील तर तळ्यातून डब्यात घालून आणून सोडायचे. लोक हसायचे. म्हणायचे, काका कासवांची लग्नं जमवतात. पुण्याच्या त्याच भूकंपवाल्या बाईंनी त्यांना सांगितलं की शहरात पैसे देऊन माशांकडून पाय साफ करून घेतात. काकांना हसावं का रडावं कळेना. "जेवतात मासे आणि पैसे तुम्ही देता? उलट त्यांनी द्यायला पाहिजेत!" बाईंनी संध्याकाळी देवळाच्या तळ्यात पाय सोडून बसून घेतलं. फुकटात.

आता या सगळ्यात मी एक गोष्ट कधी विचारलीच नव्हती, ती सुद्धा सांगते. काकांची बायको, मालतीकाकू, गेल्याला बरीच वर्षं झाली. मुलगी बडोद्याला, तिचा फोन येतो, ती वर्षाकाठी एकदा येते. काका स्वतःचं स्वतः रांधतात, कपडे धुतात, भांडी घासतात. कुणी काही द्यायला गेलं तर म्हणतात, "हाय गो, सगळं हाय." एकदा मी अळूवड्या घेऊन गेले तेव्हा त्यांच्या न्हाणीघराच्या दारात खिळ्याला वाळलेल्या घोसाळ्याची जाळी टांगलेली दिसली. काकूंचा घोसाळ्याचा वेल असायचा कुंपणावर, त्यातलं एक घोसाळं त्या मुद्दाम वाळत ठेवायच्या, अंग घासायला. जाळीवर धुळीचा थर होता.

"ही वापरत नाही का तुम्ही?" मी विचारलं.

"तिला दांडा न्हाय," काका म्हणाले, आणि अळूवडी तोंडात टाकली. मीही वेंधळी, पुढं काही विचारलं नाही.

तर आता खरी गोष्ट. गेल्या चैत्रात मी सासूबाईंना घेऊन माहेरी गेले होते, मांडव्याकडे, भाचीच्या साखरपुड्याला. हो, तीच भाची, पाठीला शेक देणाऱ्या मुलाची. माझ्या मागे माझ्या नवऱ्याला, विलासला, पराक्रम सुचला. पाण्याला वास येतोय म्हणे, आणि अडवायला काकाही त्या दिवशी बावी बघायला लांबच्या आळीत गेलेले. मग दोन मित्रांना बोलावून पंप लावला आणि बाव उपसली. गाळ काढला, भिंती घासल्या, थोरलीला टबात ठेवली, नंतर पुन्हा आत सोडली. इथपर्यंत सगळं ठीक. पण गाळात तडफडणारे मासे दिसल्यावर या तिघांच्या तोंडाला पाणी सुटलं.

मी परत आले तर विलास दारातच छाती काढून उभा. "बघ, बाव कशी आरशासारखी केलीय! ब्लीचिंग पावडर पण टाकली."

तेवढ्यात काका कुंपणातून आले. हातात आरसा. ते थेट बावेवर गेले, पालथे पडले, कवडसा सगळ्या बाजूंनी फिरवला. मग उठून बसले.

"विलास, मंडळी कुठं हायत?"

"कोण मंडळी?"

"मासे."

विलासनं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. मला आधीच शंका आली होती, ओट्यावरची कढई मी ठेवली होती त्या जागी नव्हती.

"ते... काका, बोटाएवढे तर होते. रवा लावून तळले," विलास म्हणाला. काकांनी आरसा खिशात घातला, तसं घाबरून त्यानं भर घातली, "कुरकुरीत झाले होते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडणार तेवढ्यात काका बोलले. मला वाटलं होतं, ओरडतील, अख्ख्या चौलला ऐकू जाईल. पण त्यांचा तो दुपारचा, बावेवरचा आवाज निघाला.

"तुझ्या आजीच्या वेळेपासनं त्यांचं जमलं होतं रे. त्यांची पोरं, मग त्यांची पोरं, सगळी तिच्याच पाठीवर मोठी झाली. आता ती मान काढील, आणि कोण येणार न्हाय."

आणि उठून घरी गेले. त्या दिवशी सुपारी हलली नाही. विलासला मी आठवडाभर दुधी भोपळा खायला घातला, सकाळ-संध्याकाळ. तो निमूट खात राहिला, यावरूनच काय ते समजा.

काका म्हणाले तसंच झालं. थोरली रोज दुपारी पायरीवर यायची, पाय ताणायची, मान काढायची आणि वाट बघत बसायची. मी आरसा घेऊन बघायची आणि मला रडू यायचं. पुढं पुढं तिनं मान काढणं सोडलं. पाठीवर शेवाळ वाढत गेलं, मग केसांसारखं लोंबायला लागलं. मानेच्या वळीत जळवा चिकटल्या. भात टाकला तर तोंड लावीना. पाण्यावर तिरपी होऊन तरंगायला लागली तेव्हा विलासही घाबरला. "सुमन, ही जाणार का गं?" तो म्हणाला. त्याच्या आजीनं त्याला लहानपणी या बावेच्या कठड्यावर बसवून घास भरवलेत, थोरलीला एक, त्याला एक. आता त्यालाच घास जाईना.

काकांनी पहिल्यांदा स्वतः प्रयत्न केला. कंबरेला दोर बांधून ते बावेत उतरले. मी वरून ओरडतेय, "काका, वय बघा स्वतःचं!" पण ऐकतील तर ते काका कसले. विलासनं दोर धरला. खाली त्यांनी जळवा जमतील तेवढ्या काढल्या आणि नारळाच्या सोडणाच्या काथ्यानं तिची पाठ घासायला गेले, तर थोरलीनं डोकं, पाय, शेपूट सगळं आत ओढून घेतलं. अर्धा-पाऊण तास काका गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहून तिची समजूत काढत होते. "अगो बाय, मी हाय. दिगू. काढ मान." नाहीच काढली. वर आले तेव्हा दात वाजत होते.

"हाताला न्हाय मान काढत," ते म्हणाले. "तिचंही बरोबरच हाय."

मग त्यांनी पावडरीचा वास जाईपर्यंत वाट बघितली आणि तळ्यातून मासे आणून सोडले. ते मासे थोरलीला बघूनच दगडांच्या फटीत पळाले. तळ्यात कासव नाही, त्यांना काय ठाऊक ही कोण. इतर बावींत ओळख व्हायला महिने लागले होते, इथं तेवढा वेळ कुठं होता? एकजण चुकून तिच्या तोंडापुढून गेला, तर जी बाई काही खात नव्हती तिनं तो गट्ट केला. काका कपाळाला हात लावून बसले. "ओळखच न्हाय दोघांची. हिला वाटलं जेवण आलं."

त्यानंतर दोन दिवस काका दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी फुलं काढत होते तर कुंपणापलीकडे टण टण आवाज आला. बघितलं, तर काका त्यांच्या बावेच्या कठड्यावर तांब्या आपटत होते.

काकांच्या बावेत एक कासव होतं, मालतीकाकूंचं लाडकं. काकू रोज सकाळी कठड्यावर तांब्या आपटायच्या, की ते कासव आणि त्याची मंडळी वर यायची, मग काकू भात टाकायच्या. काकू गेल्यावर तो तांब्या आणि तो भात काकांनी एक दिवस चुकवला नव्हता. ते कासव मागच्या थंडीत म्हातारपणानं गेलं होतं. मासे राहिले होते.

मी कुंपण ओलांडून गेले. काकांनी काकूंचं एक जुनं पातळ दुहेरी करून, चार टोकांना दोर बांधून बावेत सोडलं होतं. तांब्या वाजला तसे मासे वर आले, थेट त्या पातळावर. शेपटीशी काळा ठिपका. काकांनी पातळ हलकेच वर ओढलं आणि पाण्यानं भरलेल्या बादलीत मासे उतरवले. पुन्हा तांब्या. पुन्हा पातळ.

"काका, सगळे नका काढू," मी म्हटलं. "अर्धे ठेवा तुमच्याकडं."

"कशाला? इथं आता पाठ कुणाची हाय?"

"पण तुम्हाला सकाळी..."

"कामाची मंडळी हायत ही," काका बादलीत बघत म्हणाले. "बसून खाणं त्यांना बरं न्हाय. ह्यांना कासव ठाऊक हाय. ह्यांना सांगायला लागणार न्हाय." मग रिकामा तांब्या माझ्या हातात दिला. "हा पण घेऊन जा तुझ्याकडं. ह्यांना हाच आवाज समजतो."

मी तो तांब्या घेतला. घ्यायला नको होता असं वाटत होतं आणि नाही म्हणायची हिंमतही नव्हती. 

बादली आमच्या बावेत विलासनं सोडली, स्वतःच्या हातानं, दोर इंच इंच सरकवत. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आम्ही तिघं कठड्यावर शेजारी शेजारी पालथे. आमच्याकडं उतरलेल्या एका कुटुंबानं विचारलं, हे इथलं काही व्रत आहे का? मी म्हटलं, हो.

पुढच्या एका दुपारी थोरली तरंगत तरंगत पायरीशी आली. मान आत. एक मासा तिच्याभोवती फिरला, पाठीवरचं लोंबतं शेवाळ तोंडात धरून त्यानं एक हिसडा दिला आणि मागे सरला. मग दुसरा आला. थोरली गप्प. काकांच्या आरसा धरलेल्या हाताला रग लागली होती, कवडसा पाण्यावर नाचत होता. विलासनं तो हात खालून धरला. आणि मग तिचं नाक दिसलं. मग डोळे. मग हळूहळू, हळूहळू ती सगळी मान.

"काढलीन गो," काका म्हणाले. "काढलीन मान."

ते रडत होते. विलासही रडत होता. मी तर आधीपासूनच रडत होते. मिरग लागायच्या आत थोरलीची पाठ पुन्हा काळी कुळकुळीत झाली, तिन्ही धारा दिसायला लागल्या. रोज सकाळी मी तांब्या वाजवते, मंडळी वर येतात. कुंपणापलीकडे त्या वेळी काका दारात येऊन उभे राहतात, आवाज ऐकतात आणि आत जातात. दुपारी सुपारी डुलायची. पूर्वीपेक्षा जास्तच डुलायला लागली होती.

मी बाईमाणूस, पण मला हे इतक्या उशिरा कसं कळलं कोण जाणे. ती सुपारी काकू असताना कधी हलल्याचं मला आठवेना. सासूबाईंना विचारलं. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "अगं, दर ऐतवारी मालती त्याची पाठ घासायची, मागच्या दारी. दोघांची भांडणं ऐकू यायची, जोरानं घास, हळू घास. तुला काय वाटलं, तो जन्मापासून झाडाला घासतोय?"

दिवाळी आली. नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्याकडं विलासला मी तेल लावलं, उटणं लावलं. मग वाटीत तेल, उटणं आणि पाट घेतला आणि विलासला म्हटलं, चल. तो पंचा खांद्यावर टाकून निघाला.

काका ओसरीवर एकटेच पणती लावत होते. पाट बघून म्हणाले, "हे काय?"

"तेल लावायला आलोय," विलास म्हणाला.

"मला? मी काय लहान हाय? हाय सगळं माझं. मी आपला..."

"काका, मी मासे खाल्ले, ते तुम्ही भरून दिलेत," विलास म्हणाला. "बसा."

काका बसेनात. उभेच राहिले, हातात काडेपेटी. मीही हटले नाही, पाट मांडला, त्याच्याभोवती ओबडधोबड रांगोळी काढली. काका एकदा माझ्याकडं बघायचे, एकदा सुपारीकडं. मग पाटावर बसले, बंडीसकट. हात गुडघ्यांभोवती आवळलेले, खांदे कानापर्यंत वर, मान खांद्यांत. विलास मागे नुसता बसून राहिला. त्यानं हात लावला नाही. माझा नवरा एरवी मठ्ठ आहे, पण कधी कधी शहाण्यासारखा वागतो.

बऱ्याच वेळानं काकांनी बंडी काढली. पाठीवर, मधोमध, झाडाला घासून घासून घट्टे पडले होते, आणि त्यांच्या मधोमध एक बोटभर कोरडी, पांढरी पडलेली जागा होती जिथं सुपारी सुद्धा पोचत नव्हती. विलासनं तेलाचा हात तिथं ठेवला. काकांचे खांदे खाली आले. हात सुटून मांडीवर पडले. मग त्यांनी डोळे मिटले आणि मान पुढं केली, लांब, आणखी लांब.

मी आत गेले आणि उगीचच त्यांची भांडी विसळत बसले. बाहेरून काकांचा आवाज आला, धक्क्यावर ऐकू जाईल असा, "जोरानं घास की रे! हाताला काय मेंदी लावलीस?"

त्या दुपारी मी सवयीनं कुंपणाकडं बघितलं. सगळी झाडं उभी होती तशीच ती सुपारीही उभी होती.

मला वाटलं, झालं, दिवाळी होती म्हणून झालं. पुन्हा बोलवायला गेलो तर काका यायचे नाहीत, "हाय गो, सगळं हाय" म्हणतील. पण पुढच्या ऐतवारी, अकराच्या सुमारास, कुंपण खसखसलं. काका अंगणात आले. बावेकडं गेले नाहीत, आरसाही आणला नव्हता. काखेत घडी केलेला पंचा होता आणि पंच्यातून वाळलेल्या घोसाळ्याची जाळी डोकावत होती, स्वच्छ धुतलेली.

"काय काका, थोरलीला बघायला?" मी विचारलं.

"ती बरी हाय, तिचं काय," काका म्हणाले. तुळशीची एक वाळलेली मंजिरी खुडली. मग मान वर करून, त्यांना येतो त्या सगळ्यात हळू आवाजात म्हणाले, "विलास हाय का गो घरात?"